छंदातील इलेक्ट्रॉनिक्स : आरंभ, वेळ आणि पूर्तता

अनेक माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात पुठ्ठ्याचे एक खोके आढळते. त्यात तारांचा गुंता, दोन-तीन आयसी, अर्धवट जोडलेली एखादी पट्टी आणि झाकण हरवलेला बॅटरीचा डबा असतो. कोणा एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी करावयास घेतलेली ती पावसाची सूचना देणारी घंटा असते, अंधार पडताच लागणारा दिवा असतो किंवा पाण्याच्या टाकीचा पातळीदर्शक असतो. ज्या विद्यार्थ्यांनी काम सुरू केले ते शाळा सोडून गेलेले असतात आणि ज्या शिक्षकांनी मार्गदर्शन केले त्यांची बदली झालेली असते. हौशी कारागिराच्या घरीही असेच खोके पलंगाखाली वा माळ्यावर सापडते. काम का राहिले असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते : वेळ मिळाला नाही.

हे उत्तर खोटे नाही. नोकरी किंवा शेती, घरची जबाबदारी, परीक्षेचे पेपर, निवडणुकीचे व जनगणनेचे काम यांतून छंदासाठी उरणारा वेळ थोडाच असतो. शिक्षिकांच्या बाबतीत तर तो आणखी कमी. परंतु हे उत्तर अपुरे मात्र आहे. पहिले काम पुरे करावयास ज्याला वेळ मिळाला नाही, त्यानेच त्या काळात आणखी दोन प्रयोग आरंभलेले असतात, असे पुष्कळदा दिसते. म्हणजे सुरू करावयास वेळ मिळतो. पुरे करावयास मिळत नाही. हा फरक कोठून पडतो हे पाहण्याजोगे आहे. कारण शाळेतील अर्धवट उपकरणामुळे केवळ सुटे भाग वाया जातात असे नव्हे. हाती घेतलेले काम मध्येच सोडले तरी कोणी विचारीत नाही, ही गोष्टही मुले त्यातून शिकतात.

सुरुवात सोपी, शेवट धूसर

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५४ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला. पुढील दोन-तीन दशकांत या छंदाचा आरंभ बहुधा रेडिओ जुळवण्यापासून होत असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणावयाचे, १९६९ साली दिल्लीहून सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ सारख्या मासिकातील आकृती समोर ठेवावयाची आणि रात्री जेवणे आटोपल्यावर सोल्डरिंगला बसावयाचे, असा क्रम असे. भाग महाग होते, चुकीचा जोडला तर जळून जात आणि दुसरा आणावयास पुन्हा शहर गाठावे लागे. पण या कामाला एक मोठी सोय होती. त्याचा शेवट निःसंदिग्ध होता. केंद्र लागले, आवाज आला, की काम झाले. आणि ते झाल्याचे घरातील सर्वांनाच कळत असे.

१९७२ मध्ये ५५५ हा टायमर आयसी बाजारात आला. आठ पायांचा हा छोटासा भाग, दोन रेझिस्टर व एक कपॅसिटर एवढ्यावर दिवा उघडमीट करू लागतो. १० किलोओहम व ६८ किलोओहम असे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर ही उघडमीट सेकंदाला सुमारे एकदा होते. ब्रेडबोर्डमुळे सोल्डरिंगचीही गरज राहिली नाही. २००५ साली इटलीतील इव्हरेआ येथे तयार झालेल्या आर्डुइनो या फलकाने तर तार न हलवता, केवळ संगणकावर आज्ञावली बदलून उपकरणाचे काम बदलण्याची सोय करून दिली.

सुरुवात जितकी सोपी झाली तितका शेवट मात्र धूसर होत गेला. आज्ञावलीवर चालणाऱ्या उपकरणात नेहमीच आणखी काहीतरी घालता येते. पातळीदर्शक झाला की त्यावर आकडे दिसावेत असे वाटते. आकडे दिसू लागले की मोबाइलवर संदेश यावा असे वाटते. प्रत्येक इच्छा वाजवीच असते. पण टाकी त्या सर्व काळात भरून वाहतच राहते.

टेबलावरचा बझर आणि टाकीवरचा बझर

या टाकीचेच उदाहरण थोडे तपशिलाने पाहू जाता पुष्कळशा गोष्टी स्पष्ट होतात. मिनिटाला ४० लिटर पाणी चढवणारा पंप टाकी भरल्यावर २० मिनिटे चालू राहिला, तर ८०० लिटर पाणी वाहून जाते. शाळेत, वसतिगृहात वा ग्रामपंचायतीच्या इमारतीत हे वारंवार घडते. टाकी भरताच वाजणारी घंटा करणे ही छंदाची उत्तम सुरुवात होय.

तिची साधी रचना अशी. बीसी ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा एक लहान बझर आणि टाकीत सोडलेल्या धातूच्या दोन काड्या. एक काडी विद्युत् पुरवठ्याच्या धन टोकाला जोडलेली असते, तर दुसरी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला. पाणी दोन्ही काड्यांना टेकले, की पाण्यातून अत्यल्प प्रवाह वाहतो. तो एक मिलिअँपियरहूनही कमी असतो. परंतु ट्रान्झिस्टर त्याच्या शंभरपट वा अधिक प्रवाह वाहू देऊ शकत असल्यामुळे बझर वाजतो. १० किलोओहमचा रेझिस्टर अशासाठी, की काड्या एकमेकींना चिकटल्या तरी ट्रान्झिस्टर जळू नये. ब्रेडबोर्डवर, शेजारी पाण्याचा पेला ठेवून, हे सर्व एका संध्याकाळी होते. पेल्यात काड्या बुडवल्या की बझर वाजतो आणि मुले आनंदाने ओरडतात.

काम झाले असे येथे वाटते. वस्तुतः ते निम्मेही झालेले नसते. टाकी गच्चीवर असते आणि बझर खाली, पंपाच्या बटनाजवळ हवा असतो. मध्ये वीस-पंचवीस मीटर तार लागते. एवढी लांब तार घरातील वीजवाहिन्यांशेजारून नेली, तर तिच्यात नको असलेले स्पंदन शिरते आणि पाणी नसतानाही बझर कुरकुरू लागतो. त्यासाठी बेस व एमिटर यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर बसवावा लागतो. पेल्याजवळ याची आठवण कोणालाही होत नाही. विजेचा पुरवठा बॅटरीवर ठेवावयाचा की अडॅप्टरवर, हे ठरवावे लागते. टाकीजवळ २३० व्होल्टची तार कोणत्याही परिस्थितीत नेता कामा नये. म्हणून ट्रान्सफॉर्मर असलेला, चांगल्या प्रतीचा अडॅप्टर खालीच ठेवून केवळ १२ व्होल्टच्या तारा वर न्याव्यात. बझरला पेटी हवी, पेटीला भोके हवीत, भिंतीला खिळे हवेत, आणि गच्चीवरील सांध्यांना पावसापासून संरक्षण हवे.

एवढे सर्व करून उपकरण बसवले, तरी काही आठवड्यांनी ते बंद पडण्याचा संभव असतो. कारण इलेक्ट्रॉनिक्सचे नव्हे, रसायनशास्त्राचे आहे. काड्यांमधून एकाच दिशेचा प्रवाह वाहत राहिल्यामुळे पाण्यात विद्युत् अपघटन होते. धन काडी झिजते आणि ऋण काडीवर, पाणी जड असेल तर, चुन्याचा थर बसतो. थर वाढला की प्रवाह खुंटतो. ज्या गावांना विहिरीचे वा विंधन विहिरीचे क्षारयुक्त पाणी मिळते तेथे हे विशेष लवकर घडते. यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे काड्या काढून टाकून तरंगणारा चेंडू, त्याला लावलेले चुंबक आणि रीड स्विच वापरणे. रीड स्विचमध्ये काचेच्या बंद नळीत लोखंडमिश्रित धातूच्या दोन पात्या असतात. चुंबक जवळ आले की त्या एकमेकींना टेकतात. पाण्याचा व विजेचा संबंधच येत नाही. लहान बझर रीड स्विचवर थेट चालतो. मग ट्रान्झिस्टरचीही गरज उरत नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकवावयास निघालेल्या शिक्षकाला हे काहीसे निराश करणारे वाटेल. पण कोणता भाग नको आहे हे ओळखता येणे हाही त्या शास्त्राचाच अभ्यास आहे.

वेळेचा हिशेब

टेबलावरचे काम एका संध्याकाळचे आणि बाकीचे पाच-सहा संध्याकाळींचे, असा या उदाहरणाचा ढोबळ हिशेब निघतो. हौशी माणूस आपल्या मनाशी पहिल्या संध्याकाळीचाच हिशेब करतो. बाकीचे काम त्याच्या दृष्टीने ‘किरकोळ’ असते; पेटी करणे, तार ओढणे, भिंतीला भोक पाडणे यांना तो इलेक्ट्रॉनिक्स मानीतच नाही. आणि मग वेळ मिळाला नाही असे म्हणतो. ज्या कामाला वेळ लागणार हेच गृहीत धरले नव्हते त्याला तो मिळणार कोठून?

म्हणून नियोजन शेवटापासून करणे हिताचे ठरते. उपकरण कोठे बसणार, त्याला वीज कोठून मिळणार, ते कोणत्या पेटीत राहणार आणि बिघडले तर कोण दुरुस्त करणार, हे चार प्रश्न आकृती काढण्यापूर्वी वहीत लिहावेत. पेटी तर आधीच आणून ठेवावी. डबा समोर असला की परिपथ त्यात मावेल असाच जुळवला जातो. नसला, तर शेवटी परिपथाला योग्य डबा कोठेच मिळत नाही. वीजपुरवठ्याचे तसेच. नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीची क्षमता सुमारे ५०० मिलिअँपियर-तास असते. आर्डुइनो उनो हा फलक नुसता चालू ठेवण्यासच ५० मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह घेतो. म्हणजे ती बॅटरी दहा तासही पुरणार नाही. ट्रान्झिस्टरची वर वर्णिलेली घंटा मात्र टाकी रिकामी असताना जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. हा गुणाकार-भागाकार पाच मिनिटांचा आहे. तो आधी केला, तर पुढचे दोन रविवार वाचतात.

दुसरी गळती प्रत्येक बैठकीच्या आरंभी होते. सलग तीन तास मोकळे मिळणे संसारी माणसाला दुर्मीळच. चाळीस मिनिटे मात्र आठवड्यातून दोनदा मिळू शकतात. या चाळिसांपैकी दहा सामान काढण्यात जातात, पंधरा मागच्या वेळी काय केले होते ते आठवण्यात, आणि पाच आवरण्यात. उरली दहा. एवढ्यात काम पुढे सरकत नाही, सरकत नाही म्हणून कंटाळा येतो, आणि मग ‘सुट्टीत निवांत बसू’ असे ठरते. ती सुट्टी लग्नकार्यात जाते.

यावर उपाय खर्चिक नाहीत. संपूर्ण काम एका लाकडी फळीवर किंवा जुन्या स्टीलच्या ताटात मांडावे आणि न मोडता तसेच उचलून कपाटावर ठेवावे. सामान काढण्या-आवरण्याची पंधरा मिनिटे येथेच वाचतात. दुसरे म्हणजे बैठक संपण्यापूर्वी पाच मिनिटे हात थांबवून वहीत दोनच ओळी लिहाव्यात : आज काय चालले आणि पुढच्या वेळी पहिली कोणती तार जोडावयाची. ‘परिपथ पुरा करणे’ असे लिहून उपयोग नाही. ‘बझरची लाल तार पट्टीच्या पाचव्या भोकात’ असे लिहावे. इतके स्पष्ट लिहिलेले असले, की थकलेला माणूसही काम सुरू करू शकतो आणि एकदा सुरू केले की पुढचे सुचत जाते. तिसरे, प्रत्येक बैठकीच्या शेवटी काहीतरी तपासून पाहता येईल असे कामाचे तुकडे पाडावेत. एका बैठकीत वीजपुरवठा जोडून मल्टीमीटरने व्होल्ट मोजावेत. दुसऱ्या बैठकीत केवळ बझर. तिसऱ्या बैठकीत लांब तार. सर्व एकदम जोडून शेवटी बटन दाबणाऱ्यास चूक नेमकी कोठे आहे ते शोधावयास जोडण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

भाग आणावयास शहरात जावे लागत असेल, तर यादी एकदाच करून प्रत्येक स्वस्त भाग दोन नग आणावा. एका ट्रान्झिस्टरसाठी महिनाभर थांबलेले काम पुन्हा सुरू होत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. टपालाने वा कुरियरने भाग मागवण्याची सोय आता झाली असली, तरी थांबण्याचे दिवस काही संपलेले नाहीत. सोल्डरिंगच्या बैठका मात्र घाईच्या वेळी ठेवू नयेत. सर्वसाधारण सोल्डरमध्ये शिसे असते; खिडकी उघडी ठेवून काम करावे, मुलांना साबणाने हात धुवावयास लावावे आणि तापलेली इस्त्री आपल्या स्टँडवर आहे ना, हे पाहूनच उठावे.

वाढवणे आणि वजा करणे

काम रंगात आले की नव्या कल्पना सुचू लागतात. घंटा सलग वाजण्याऐवजी थांबून थांबून वाजावी, त्यासाठी ५५५ बसवावा, असे कोणीतरी म्हणतो. कल्पना चांगलीच आहे. थांबून वाजणारा आवाज कानाला लवकर जाणवतो. पण ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी आणि पहिले उपकरण बसवल्यावरच तिचा विचार करावा. शेवटच्या पानावर दहा कल्पना जमल्या तरी हरकत नाही. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ते पान उपयोगी पडते.

या संदर्भात खुद्द ५५५ च्या जन्माची हकिगत उद्बोधक आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हान्स कॅमेंझिंड यांनी अमेरिकेतील सिग्नेटिक्स कंपनीसाठी, तिची नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करीत असताना, या आयसीची रचना केली. त्यांच्या पहिल्या आराखड्यास १९७१ मध्ये मान्यताही मिळाली होती. पण त्याला नऊ पाय लागत होते. पुढे त्यांना असे आढळले, की आतील स्थिर प्रवाहाचा भाग काढून टाकून साध्या रेझिस्टरवर काम भागते. पाय आठ झाले आणि आयसी लहान, स्वस्त वेष्टनात मावला. मान्य झालेल्या आराखड्यात उशिरा केलेला बदल सहसा घातकच. हा अपवाद ठरला, कारण यात काही वाढवलेले नव्हते, वजा केलेले होते.

प्रत्येक काम पुरे केलेच पाहिजे असाही हट्ट नसावा. शिकावयाचे होते ते शिकून झाले असेल, किंवा गरजच उरली नसेल, तर काम उघडपणे बंद करावे. सुटे भाग काढून डब्यात परत ठेवावेत, वहीत तारीख घालून ‘येथे थांबवले’ असे कारणासह लिहावे आणि फळी मोकळी करावी. बंद केलेले काम आणि पडून राहिलेले काम यांत फार अंतर आहे. पडून राहिलेले काम नजरेस पडले की मन खाते, आणि नवे काही हाती घेण्याचा उत्साहही मारते.

शाळा, वेळापत्रक आणि गाव

शाळांच्या बाबतीत साधनांची अडचण पूर्वीपेक्षा कमी होत आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशातील दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभारण्यास साहाय्य दिले. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या प्रयोगशाळेकरिता प्रत्येक शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. परंतु साधने आली म्हणून तास येत नाही. दहावीच्या वर्गाच्या वेळापत्रकात प्रयोगशाळेचा तास परीक्षेपूर्वी सर्वांत आधी कापला जातो, हे शिक्षकांना सांगावयास नको.

या बाबतीत पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचे काम पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये हा आश्रम सुरू केला. तेथे विकसित झालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांनी स्वीकारला. त्यात आठवड्यातील एक दिवस हाताने काम करण्यासाठी राखून ठेवलेला असतो. उरलेल्या वेळात छंद नव्हे, तर ठरलेल्या दिवशी काम, अशी ही व्यवस्था आहे. दुसरी गोष्ट त्याहूनही महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्यांनी शक्यतो गावातील कोणाला तरी खरोखर हवे असलेले काम करावे, अशी त्यामागील दृष्टी आहे. म्हणजे वस्तूला घेणारा असतो, तो ती कधी मिळेल असे विचारतो, आणि चालत नसेल तर परत आणून देतो. अमेरिकेतील एमआयटीच्या पुढाकाराने २००२ साली पाबळला फॅब लॅबही सुरू झाली.

येथेच ग्रामपंचायत सदस्यांना करण्याजोगे काही आहे, आणि त्याला फारसा निधीही लागत नाही. प्रदर्शनातील उपकरणाला शाबासकी देण्यापेक्षा शाळेला एक नेमके काम सांगावे : अंगणवाडीच्या टाकीला घंटा हवी आहे, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी बसवून हवी. ते घ्यावयास पंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी ठरलेल्या दिवशी शाळेत जाईल. मुलांनी ते त्याच्या देखत जोडावे, त्याला बटन कोठे आहे ते समजावून सांगावे आणि तो जे प्रश्न विचारील ते वहीत उतरवून घ्यावेत. भिंतीवर घंटा किती उंचीवर हवी, हे त्या मुलांपेक्षा त्यालाच अधिक चांगले ठाऊक असते. शाळेने आपल्या बाजूने गट लहान ठेवावा, चार मुलांचा पुरे. त्यांतील दोघे आठवीतील असावेत. दहावीची मुले मार्चमध्ये निघून गेली, तरी वही वाचू शकणारे दोघे शाळेत उरतात. शिक्षकाची बदली झाली, तर वही व फळी यांचा उल्लेख कार्यभार हस्तांतराच्या यादीत करावा, जसा सूक्ष्मदर्शकाचा करतात.

बसवलेल्या उपकरणाच्या पेटीवर आतल्या बाजूने आकृतीची एक प्रत चिकटवून ठेवावी. तिच्याखाली बसवल्याची तारीख आणि बझर, अडॅप्टर व रीड स्विच यांचे तपशील लिहावेत. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, गच्चीवरचे सांधे उघडून पाहावेत, तरंगता चेंडू पुसून मोकळा करावा आणि चुंबक हाताने जवळ नेऊन खाली घंटा वाजते की नाही ते ऐकावे. या कामाला दोन माणसे लागतात, एक वर आणि एक खाली, आणि सुमारे अर्धा तास.